बाहेरचा लेखापरीक्षक नेमणे म्हणजे कार्यकर्त्यांवर अविश्वास दाखवणे आहे का?

पांझराकाठ (धागाकर्ती):

गेल्या आठवड्यात 'सातपुड्याची वाट' यांनी येथे लिहिले होते की, त्यांच्या संस्थेच्या विश्वस्तांनी बारा वर्षे हिशेब तपासणारे सीए बदलून संस्थेशी कसलाही संबंध नसलेला लेखापरीक्षक नेमायचे ठरवले आहे, आणि हा निर्णय म्हणजे "पायाला फोड येईपर्यंत पाडे तुडवणाऱ्या माणसांना मारलेली चपराक" आहे. त्या सीएच्या शुल्कात एका पाड्यावरच्या मुलांचा महिन्याभराचा पोषण आहार निघतो आणि माणुसकीच्या कामाला पहारेकरी लागत नाही, असेही त्यांनी पुढे म्हटले होते. त्याखाली अनेकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, आणि का जोडले नाहीत ते दोन ओळींत मावत नाही म्हणून हा वेगळा धागा काढला आहे.

मी धुळ्यातल्या एका लहान मदत संस्थेची नऊ वर्षे खजिनदार होते. 31 ऑगस्ट 2021 रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, तेव्हा आमची माणसे तिसऱ्या दिवशी तेल, डाळ, चटया आणि घोंगड्या घेऊन तेथे पोहोचली होती. आमचे सचिव आठ दिवस घरी आले नाहीत. टेम्पोवाल्यांचे पैसे त्यांनी जागेवर रोख दिले आणि परत आल्यावर एका रात्रीत बसून तेवीस व्हाउचरे स्वतःच्या हाताने, एकाच निळ्या पेनाने लिहिली. आमचे सीए सचिवांचे शाळेतले मित्र होते. ते शुल्क घेत नसत आणि आमची रोजकीर्दही त्यांच्याच कार्यालयातला मुलगा लिहीत असे, म्हणजे ज्या हाताने लिहायचे त्याच हाताने तपासायचे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या नियम 19 च्या अहवालात एक प्रश्न असतो की, तपासणीच्या दिवशी व्यवस्थापकाच्या किंवा विश्वस्ताच्या ताब्यातली रोकड आणि व्हाउचरे हिशेबाशी जुळली का. त्यापुढे 'होय' लिहिलेले होते. ती रोकड त्या दिवशी कोणी मोजलेलीच नव्हती, कारण पेटीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि मी नाशिकला लेकीकडे होते.

तीन वर्षांनी एका देणगीदाराने कागद मागवले. एकाच टेम्पोवाल्याच्या नावावर एकाच दिवशी चाळीसगावची एक आणि पाचोऱ्याची एक अशा दोन फेऱ्या निघाल्या, अक्षर एक, पेन एक. खरी गोष्ट अशी होती की त्या माणसाकडे दोन टेम्पो होते आणि दुसरा त्याचा भाऊ चालवत असे. पण तोवर दोन्ही टेम्पो विकून तो सुरतेला निघून गेला होता आणि व्हाउचरवर गाडीचा क्रमांक लिहिलेला नव्हता. सचिवांनी राजीनामा दिला. त्यांनी एक रुपयाही खाल्ला नव्हता हे मी शपथेवर सांगेन, पण माझी शपथ कोणत्याही नमुन्यात बसत नाही. पहिल्याच वर्षी एखाद्या परक्या माणसाने "हा टेम्पो एकाच दिवशी दोन गावांना कसा गेला?" एवढे विचारले असते, तर उत्तर पाच मिनिटांत मिळाले असते आणि ते कागदावर राहिले असते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की, लेखापरीक्षण करावे की नाही हा प्रश्नच नाही, ते कायद्याने करावेच लागते. ते कोणी करावे, त्याला कोणी नेमावे आणि त्याने अहवाल कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न आहे. सचिवाने मित्र शोधून आणण्याऐवजी विश्वस्त मंडळाने ठराव करून, शुल्क ठरवून, वही न लिहिणारा माणूस नेमावा. त्यात चपराक कोठे आहे?

सातपुड्याची वाट:

ताई, आपल्या सचिवांविषयी वाईट वाटले, पण आपण आपल्याच कथेतून उलटा निष्कर्ष काढला आहे. त्या माणसाला संशयात कोणी ढकलले? कागद मागणाऱ्या परक्याने ढकलले. आपण त्याच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी आता आणखी परके बोलवा म्हणता.

आमच्याकडे परका येऊन गेला आहे. चार वर्षांपूर्वी एका देणगीदार संस्थेने मुंबईहून तपासनीस पाठवला होता. धडगाव (अक्राणी) तालुक्यात नर्मदेच्या बुडीत क्षेत्राला लागून असलेल्या एका पाड्यावरून बाळंतपणाला अडलेली बाई चौघांनी बांबूच्या झोळीत घालून होडीपर्यंत आणली होती, रात्री, पावसात, दीड तास उतरून. आम्ही प्रत्येकाला 300 रुपये दिले आणि व्हाउचरवर चार अंगठे घेतले. तपासनिसाने विचारले की, याचे छापील बिल कोठे आहे? मी म्हटले, साहेब, झोळीचे बिल छापणारा छापखाना अजून अक्राणीत निघालेला नाही. त्याने 1,200 रुपये 'पुराव्याअभावी अमान्य' या रकान्यात टाकले. ती बाई आणि तिचा मुलगा दोघेही आज धडधाकट आहेत, फक्त आमच्या हिशेबात ते अमान्य आहेत.

तोच माणूस जानेवारीत लाभार्थी पडताळायला पाड्यावर गेला. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याने कुलपे पाहिली आणि लिहिले, "यादीतील 41 पैकी 19 कुटुंबे आढळली नाहीत." त्या एका वाक्यावर आमचा पुढचा हप्ता सात महिने अडकला आणि त्या सात महिन्यांत दोन आरोग्यसेविकांचा पगार मी माझ्या बायकोच्या पाटल्या ठेवून दिला. माझा विरोध हिशेबाला नाही. ज्याला होळी आणि ऊसतोड यांचे दिवस माहीत नाहीत, त्याने आमच्या प्रामाणिकपणाचे माप काढावे, याला आहे.

आकडेमोड (जळगाव):

मी याच व्यवसायात अठ्ठावीस वर्षे आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना थोडे थोडे बोलतो.

ताई, 'बाहेरचा' हा शब्द आपण सैल वापरला आहे. सीए हा नोकर नसल्यामुळे आपला जुना मित्रही कायद्याच्या दृष्टीने बाहेरचाच होता. तो स्वतंत्र नव्हता. हा फरक कायद्यालाही पुरता पकडता आलेला नाही. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 288 ने विश्वस्ताच्या जवळच्या नातेवाईकाला त्या संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालावर सही करण्यास अपात्र ठरवले, पण मैत्रीची व्याख्या कोणते कलम करणार? मेहुणा अडतो, वर्गमित्र सुटतो. तसेच कंपनी कायदा 2013 चे कलम 144 कंपनीच्या लेखापरीक्षकाला त्याच कंपनीची वही लिहू देत नाही. विश्वस्त संस्थांसाठी तसे थेट कलम नसले तरी आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेला ते मान्य नाही. तरीही निम्म्या गावात हेच चालते, कारण फुकट सही करणाऱ्याकडून लोक वहीसुद्धा फुकटच लिहून घेतात.

आता माझे दुःख ऐका. आयकराच्या अहवालाची मुदत साधारणपणे 30 सप्टेंबर असते आणि सेवाभावी संस्था 27 तारखेला उगवतात. एका संस्थेने मला वर्षभराची बिले खरोखर केळीच्या खोक्यात आणून दिली होती आणि तळाशी सत्यनारायणाच्या प्रसादाची पुडी निघाली, मुंग्यांसह. शुल्क विचारल्यावर अध्यक्ष म्हणाले, "साहेब, हे पुण्याचे काम आहे." पुण्य मलाही हवे आहे, पण माझ्या कार्यालयातल्या मुलांना महिनाअखेर पगार हवा असतो. फुकट काम करणारा लेखापरीक्षक प्रश्न विचारत नाही, कारण फुकट काम लवकर उरकायचे असते. आणि ताई, एक विचारू का? नऊ वर्षे त्या ताळेबंदावर खजिनदार म्हणून सही कोणाची होती?

पांझराकाठ:

माझीच होती. आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे आणि ते मला आवडलेले नाही, पण नाकारता येत नाही. मी सही करताना पान उलटत असे, वाचत नसे.

'सातपुड्याची वाट' यांना मात्र एक सांगायचे आहे. आपल्या तपासनिसाची चूक तो परका होता ही नव्हती, तो चुकीच्या महिन्यात आला आणि चुकीचा पुरावा मागत बसला ही होती. वाईट डॉक्टर भेटला म्हणून कोणी नाडी दाखवणे सोडत नाही.

ठेवीदार, भुसावळ:

हे सगळे वाचून मला हसू येते. स्वतंत्र लेखापरीक्षक, ठराव, आचारसंहिता! आम्ही जळगाव जिल्ह्यातली माणसे आहोत, आम्हाला लेखापरीक्षणाचे कौतुक सांगू नका. ज्या पतसंस्थेत माझ्या वडिलांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मिळालेले पैसे ठेवले होते, तिचा दरवर्षीचा लेखापरीक्षण वर्ग 'अ' होता. तो 'अ' काचेच्या चौकटीत बसवून रोखपालाच्या डोक्यावर टांगलेला असे, लक्ष्मीच्या फोटोशेजारी. ठेवी परत मिळेनाशा झाल्या त्या आठवड्यातही तो तेथेच होता. शेजारच्या खेड्यातली एक म्हातारी रोज सकाळी बंद खिडकीपाशी येऊन एकच विचारत असे, "मन्हा पैसा कोठे शे, भाऊ?" तिला लेखापरीक्षकाने काय उत्तर दिले? बँकेतल्या ठेवीला निदान 5 लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, पतसंस्थेच्या ठेवीला तेही नाही. बाहेरच्या माणसाने तपासले होते म्हणून तर आम्ही पैसे ठेवले होते.

आकडेमोड (जळगाव):

आपले नुकसान मोठे आहे आणि त्यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. पण सहकारी संस्थेचे लेखापरीक्षण आणि विश्वस्त संस्थेचे लेखापरीक्षण एका पारड्यात घालू नका. सहकार कायद्याच्या 2013 च्या दुरुस्तीनंतर लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेतून सर्वसाधारण सभाच नेमते आणि एकालाच सलग तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. ज्या सभेने त्याला नेमले, त्या सभेत आपले वडील गेले होते का? की वार्षिक अहवाल घेऊन, पेढा खाऊन परत आले?

शिवाय लेखापरीक्षकाकडून चोर पकडण्याची अपेक्षा मुळातच जास्त आहे. 1896 मध्ये इंग्लंडमधल्या किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्तींनी म्हटले होते की, लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. आम्ही विद्यार्थी असताना हे पहिल्याच वर्षी पाठ करत असू.

ठेवीदार, भुसावळ:

राखणीचा कुत्रा निदान भुंकतो तरी! आपला कुत्रा तर चोराने टाकलेली भाकरी खाऊन 'अ' वर्ग देऊन गेला.

आणि माझ्या दिवंगत वडिलांच्या पेढ्याची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ते सातवी शिकलेले गँगमन होते. त्यांनी ताळेबंद वाचावा म्हणून आपण आहात ना? तपासणाऱ्याने न पाहिलेले ठेवीदाराने पाहावे, हा कोठला न्याय आहे? हे वाक्य मागे घ्या.

आकडेमोड (जळगाव):

पेढ्याचे वाक्य मागे घेतो. बाकीचे घेत नाही. त्याच कायद्याच्या कलम 81 ने अपहार दिसल्यास लेखापरीक्षकाने निबंधकाकडे विशेष अहवाल द्यावा आणि गुन्हाही नोंदवावा अशी जबाबदारी घातली आहे. ज्यांनी ती पाळली नाही त्यांची बाजू मी घेणार नाही. पण ज्यांनी पाळली, त्यांचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. मी स्वतः एका पतसंस्थेच्या अहवालात संचालकांच्या नातेवाइकांना विनातारण दिलेली कर्जे नावानिशी लिहिली होती. पुढच्या सर्वसाधारण सभेत माझे नाव नेमणुकीच्या विषयपत्रिकेवरून गायब झाले आणि टाळ्या वाजवून दुसरा नेमला गेला. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत ठेवीदारच होते, कारण संचालकांनी त्यांना सांगितले होते की हा सीए संस्थेची बदनामी करतो. ती संस्था दोन वर्षांनी बुडाली. तेव्हा त्याच ठेवीदारांपैकी दोघे माझ्या कार्यालयात येऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही जोरात का सांगितले नाही?"

केळीबाग, रावेर:

तुम्ही दोघे पतसंस्थेत शिरलात आणि बाहेर यायला तयार नाही. मी देणारा माणूस आहे, दरवर्षी बाग कापली की थोडे बाजूला काढतो, म्हणून देणाऱ्याचे म्हणणे मांडतो. आमच्याकडे ट्रक भरताना पहिले भांडण काटा कोणाचा यावरून होते. व्यापाऱ्याचाच काटा आणि व्यापाऱ्याचाच माणूस मोजायला उभा असेल, तर माल कितीही चांगला असो, शेतकऱ्याच्या मनातला किंतु जात नाही. वजन खरे असले तरी जात नाही. मला वाटते ताईंचे सगळे म्हणणे एवढ्यात येते.

दुसरे असे की, एका संस्थेने माझ्याकडून 25,000 रुपये घेतले, 80जी ची पावती हौसेने फोटो काढून दिली आणि नंतर आयकर खात्याकडे देणगीदारांचे विवरणच भरले नाही. फॉर्म 10बीई, म्हणजे देणगीचे प्रमाणपत्र, आला नाही, म्हणून माझी आयकरातली वजावट गेली. सचिवांना फोन केला तर म्हणाले, "दादा, तुम्ही वजावटीसाठी देता का?" नाही, पण पावतीवर 80जी छापले होते ते कशासाठी? कागदाची हेळसांड करायची आणि विचारणाऱ्याचाच हेतू काढायचा, ही या क्षेत्राची जुनी खोड आहे.

सातपुड्याची वाट:

केळीबागवाल्या दादांचा रोख माझ्याकडे असेल, तर आमच्या संस्थेने विवरण वेळेवर भरले आहे आणि प्रमाणपत्रेही पाठवली आहेत. काट्याचे उदाहरण मात्र मला मान्य नाही. ट्रक रस्त्यावर उभा असतो, काटा त्याच्यापर्यंत नेता येतो. आमचा माल कोठे उभा आहे? तो सात डोंगरांवर विखुरलेला आहे.

पैशांचेही कोणी बोलत नाही. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 ला दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि हिशेब ठेवण्याचा, व्यावसायिक शुल्काचा खर्च त्या 20 टक्क्यांतच मोजला जातो. त्यातच कार्यालयाचे भाडे, वीज आणि हिशेबनिसाचा पगार बसवायचा. सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामासाठी निधी देणाऱ्या कंपन्या, आणखी पुढचे, त्यांना आमच्या पाट्यांवर त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत हवे असते, पण लेखापरीक्षकाच्या शुल्काची ओळ अंदाजपत्रकात दिसली की लाल रेघ मारतात. तपासणी हवी आणि तिचे पैसे द्यायला मात्र कोणी नको. रोखीने एकाला एका दिवशी 10,000 रुपयांहून अधिक दिले, तर आयकरात तो खर्च संस्थेच्या उद्दिष्टासाठी झाला असे धरत नाहीत. आणि पाड्यावर बँकेचा माणूस आठवड्यातून एकदा येतो, तोही नेटवर्क असले तर. हे नियम करणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर होडीत बसावे.

निवृत्त गुरुजी, शिरपूर:

आपण सर्वजण जाणते आहात, शब्द जरा जपून वापरावेत. माझा प्रश्न लहान आहे. ठराव करून नेमावे असे ताई म्हणतात. आमच्या वाचनालयाच्या सात विश्वस्तांपैकी चार दिवंगत झाले आहेत, विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचे कलम 22 खालचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून आहेत आणि उरलेल्या तिघांपैकी एकाला ऐकू येत नाही. आमच्यात ठराव कोण करणार?

आकडेमोड (जळगाव):

गुरुजी, आधी बदल अर्जांचा पाठपुरावा करा आणि तोवर घटनेत गणपूर्ती किती सांगितली आहे ते पाहा. नियम 19 च्या अहवालात हाही प्रश्न असतोच की, घटनेत सांगितलेली विश्वस्तांची किमान आणि कमाल संख्या राखली आहे का. बहुतेक अहवालांत त्यापुढेही न पाहता 'होय' लिहिलेले असते. मृतांची संख्या धरून.

'सातपुड्याची वाट', आपल्या झोळीविषयी मी दोन दिवस विचार करत होतो. त्या तपासनिसाने केले ते मला तांत्रिकदृष्ट्याही बरोबर वाटत नाही. छापील बिल नसणे म्हणजे पुरावा नसणे नव्हे. चार अंगठे, चार नावे, तारीख, कोठून कोठपर्यंत, आणि त्या रात्री त्या बाईची आरोग्य केंद्रात झालेली नोंद, एवढे जोडले असते तर मी तो खर्च मान्य केला असता. अंगणवाडी सेविकेची किंवा पोलीस पाटलाची साक्षीची सही असती तर प्रश्नच विचारला नसता. आपण केंद्रातल्या नोंदीचा उतारा जोडला होता का?

सातपुड्याची वाट:

नव्हता जोडला. त्या रात्री उतारा मागायचे कोणाला सुचले असते?

आकडेमोड (जळगाव):

त्या रात्री नाही. पण मार्च उजाडेपर्यंत नऊ महिने होते.

सातपुड्याची वाट:

हे आपण कार्यालयात पंख्याखाली बसून लिहीत आहात.

आकडेमोड (जळगाव):

बरोबर आहे, पंखा आहे. वीज मात्र आत्ताच गेली.

ठेवीदार, भुसावळ:

मी अजून येथेच आहे. आपण सगळे माझा प्रश्न गुंडाळून पुढे गेलात. बाहेरचा माणूस विकला गेला तर काय करायचे, हे कोणी सांगितले नाही.

पांझराकाठ:

विकला गेला तर काय, याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही आणि आहे असे भासवणार नाही. पण तुमच्याच गोष्टीत उत्तराचा एक तुकडा आहे. तो 'अ' चौकटीत टांगला होता, अहवाल टांगलेला नव्हता. अहवालाची शेवटची पाने, जेथे शेरे असतात, ती खिडकीवर लावली असती, तर निदान सातवी शिकलेल्या माणसाच्या मुलाने ती वाचली असती. आम्ही संस्थावाले हेच करतो. ताळेबंद छापतो, शेरे कपाटात ठेवतो. मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का, असाही एक प्रश्न त्या नमुन्यात आहे, आणि त्रुटी कोणी पाहिलेल्याच नसल्यामुळे त्याचे उत्तर सुखाने 'होय' असते. सहीखाली यूडीआयएन, म्हणजे त्या अहवालाचा 18 अक्षरे-अंकांचा ओळख क्रमांक, असतो, तो सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. मी नऊ वर्षांत एकदाही पडताळला नाही.

'सातपुड्याची वाट' यांना माझा एक थेट प्रश्न आहे. तुमचे बारा वर्षांचे सीए पाड्यावर कितीदा आले?

सातपुड्याची वाट:

एकदा. तोरणमाळला सहकुटुंब फिरायला आले होते तेव्हा आमच्या कार्यालयात चहा घेतला.

हसू नका. ते चांगले गृहस्थ आहेत, अडीअडचणीला स्वतःच्या खिशातून पैसे देतात, आणि त्यांना काढल्यावर मी त्यांच्या डोळ्यांत कसे पाहणार, हे या चर्चेत कोणाच्याही ध्यानात आलेले नाही. तुम्हाला हा कागदाचा प्रश्न वाटतो. मला तो बारा वर्षांच्या संबंधाचा वाटतो.

केळीबाग, रावेर:

खिशातून पैसे देतात म्हणजे ते तुमचे देणगीदारही झाले. ज्याने दिले त्यानेच तपासायचे? मोठी रक्कम असेल तर आकडेमोड साहेबांच्या त्या कलमात तेही अडकतील.

आकडेमोड (जळगाव):

2025 च्या दुरुस्तीआधी आजवरची एकूण देणगी 50,000 रुपयांहून अधिक असली, तर अडकत असत. हे मला आधी सुचायला हवे होते. दादांनी सीएची फी वाचवली.

सातपुड्याची वाट:

त्यांनी पुराच्या वर्षी एकदा 51,000 दिले होते. पावती मीच फाडली होती.

बरे. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला भिंतीला टेकवलेच आहे, तर माझ्या अटी ऐका. नवा माणूस सप्टेंबरात, लोक ऊसतोडीला जाण्याआधी येईल. तो निदान तीन पाडे पायी पाहील, कार्यालयात बसून 'आढळले नाहीत' लिहिणार नाही. अंगठ्याचे व्हाउचर साक्षीच्या सहीसह मान्य करील आणि ते काय काय जोडून मान्य करणार, हे वर्षाच्या सुरुवातीला लेखी सांगेल, शेवटी नव्हे. आणि त्याचे शुल्क पोषण आहाराच्या पैशांतून जाणार नाही, ज्या विश्वस्तांना ही हौस आली आहे ते उभे करतील. यातले एकही नाकारले गेले, तर मी माझा पहिला लेख शब्दशः पुन्हा टाकीन.

पांझराकाठ:

शुल्काची अट सोडून बाकी सगळ्या अटी मला माझ्या जुन्या संस्थेसाठीही हव्या आहेत. शुल्क विश्वस्तांनी खिशातून दिले, तर तो पुन्हा त्यांचा माणूस होईल. ते संस्थेच्याच खात्यातून, अंदाजपत्रकात उघड ओळ दाखवून गेले पाहिजे, आणि सीएसआरवाल्यांनी लाल रेघ मारली तर ती रेघच वार्षिक अहवालात छापावी.

सातपुड्याची वाट:

ही शेवटची सूचना मात्र मला मनापासून आवडली.

आकडेमोड (जळगाव):

आपल्या विश्वस्तांनी मला पत्र पाठवले तर मी येईन. शुल्क घेईन, वही लिहिणार नाही आणि आधी आपल्या जुन्या सीएंना रीतसर पत्र लिहीन, तो आमच्यातला शिष्टाचार आहे. गुडघे दुखतात, त्यामुळे तीन पाड्यांऐवजी दोन करा. धडगावपासून पुढे जीप कोणाची?

ठेवीदार, भुसावळ:

जाण्याआधी गुडघ्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. पुरावा लागतो.

सातपुड्याची वाट:

जीप आमच्या गावातली मिळेल, भाडे रोख द्यावे लागेल. व्हाउचर कोणाच्या अक्षरात लिहायचे ते मात्र आधीच सांगा, नंतर वाद नको.

पांझराकाठ:

चालकाच्या. आणि त्याच्याकडे दोन जीपा असतील, तर आली त्या जीपचा क्रमांक लिहून घ्या.